मांडवीचं पाणी कुठे खारट होतं?

फोंडा, गोवा

चि. बाय हीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही शिकवलेला न्यूटन परीक्षेपुरता. खरं ते क्वांटम." तेव्हा मी गप्प राहिलो, पण ते वाक्य मनातून जाईना. म्हणून लिहायला बसलो.

अर्धं तुझं बरोबर. क्वांटम म्हणजे अणूंच्या जगाचे नियम, त्यात प्रत्येक वस्तू लाटेसारखीही वागते. परसातला एक किलोचा नारळ पाच मीटरवरून पडला की जमिनीपाशी त्याचा वेग सेकंदाला १० मीटरच्या आसपास असतो. वस्तुमान आणि वेगावरून त्या लाटेची लांबी देणाऱ्या डी ब्रॉयच्या सूत्राने तरंगलांबी काढ: दशांशचिन्हानंतर ३४ शून्यं, मग ६६, इतके मीटर. ही लाट कोणाला दिसणार? सूत्रातला इवलासा आकडा, प्लांकचा स्थिरांक, नगण्य धरा, न्यूटन परत मिळतो, असं सांगून मी वर्षानुवर्षं वर्गात इथेच थांबलो. आता वाटतं, फार लवकर थांबलो.

कारण भौतिकशास्त्रज्ञ एरेनफेस्टने १९२७ मध्ये जे दाखवलं ते सरासरीबद्दल आहे. सरासरी स्थान न्यूटनसारखं चालतं, तेही लाट आटोपशीर असेल तोवर. ही लाट कशी बदलते ते सांगणारं श्रोडिंगरचं समीकरण मात्र नारळालाही 'इथे आणि तिथे' अशा मिश्र अवस्थेत ठेवायला मोकळं आहे. स्थिरांक कितीही लहान धर, ती मोकळीक जात नाही. आकाराचंही कुंपण सापडत नाही: व्हिएन्नात १९९९ मध्ये ६० कार्बन अणूंच्या रेणूंचं व्यतिकरण, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळल्याची नक्षी, दिसलं.

आणि दुसरी बाजू बघ. क्वांटमच्या जनकांपैकी एक, बोर, यांचा आग्रह होता की प्रयोगाची मांडणी आणि निकाल अभिजात, म्हणजे न्यूटनच्या, भाषेतच सांगावे लागतात. काटा इथे थांबला, ठिपका तिथे उमटला. म्हणजे न्यूटनच्या ज्या यामिकीला, गतीच्या शास्त्राला, क्वांटम आपल्या पोटात घेतं, तिच्याच शब्दांत त्याला बोलावं लागतं. लेकीने आईचं घर चालवायला घ्यावं आणि बोलावं मात्र आईच्याच बोलीत, तसं काहीसं. मला हे नातं फार मोलाचं वाटतं.

तू लहान असताना पणजी-बेती फेरीबोटीत विचारायचीस, नदी कुठे संपते? उन्हाळ्यात खारं पाणी मांडवीत खूप आत चढतं, पावसात नदी ते समुद्राकडे लोटते. रेष कुठेच नाही, पण म्हणून नदी खोटी ठरत नाही. क्वांटम आणि अभिजात यांमधली सीमा, हायझेनबर्गचा छेद, हीही अशीच सरकती: उपकरण कुठे सुरू होतं ती रेष थोडी अलीकडे-पलीकडे नेता येते. भौतिकशास्त्रज्ञ झेह यांनी १९७० मध्ये भोवतालाकडे लक्ष वेधलं. हवेचे रेणू, प्रकाशकण वस्तूवर आदळतात, तिची खूण घेऊन जातात आणि व्यतिकरण दिसेनासं होतं. डिकोहिरन्स ते हेच. पण अनेक शक्यतांतून एकच निकाल का उमटतो, याचं उत्तर त्यात नाही. सगळेच निकाल घडतात, हा एव्हरेटचा १९५७ चा मार्ग मला पटत नाही. न पटणं हा काही युक्तिवाद नव्हे. तुला पटत असेल तर का, ते सविस्तर लिही.

चवथीला येताना वही आण. बल स्थानाच्या घनाच्या प्रमाणात असेल, तर बलाची सरासरी आणि सरासरी स्थानावरचं बल वेगळं निघतं. ते आधी करून बघ, मग गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधता बांधता बोलू. आई विचारते आहे, नेवऱ्या किती ठेवायच्या?

तुझा,
बाबा