चेहरा दाखवायचा की नाही

प्रिय श्रीधर,

तुझं पत्र मिळालं. गे पुरुषांची पोर्ट्रेट्स काढायचं तू ठरवलंस, याचा फार आनंद झाला. चेहरे दाखवावेत की नाही, यावर तू अडलायस, म्हणून पोलंडमधल्या कलावंतांनी केलेल्या अशाच फोटोंबद्दल लिहितो. गेले काही महिने मी त्यातच बुडालोय.

तिथे समलिंगी संबंध १९३२ पासूनच गुन्हा नाहीत. आपल्याला २०१८ उजाडावं लागलं. पण गुन्हा नसूनही नोव्हेंबर १९८५ मध्ये तिथल्या पोलिसांनी ‘हायसिंथ’ नावाची मोहीम काढली. पुरुषांना घरातून, कामावरून उचललं, बोटांचे ठसे घेतले, ‘आणखी कोण कोण?’ म्हणून खोदून विचारलं. सुमारे ११ हजार जणांच्या फायली झाल्या.

ग्दान्स्क शहरातल्या रिशार्द किशेललाही या चौकशीला तोंड द्यावं लागलं. त्यानंतर गप्प बसायचं सोडून त्याने मित्रांना गोळा केलं आणि फ्लॅटमध्ये रंगीत स्लाइड्स काढायला घेतल्या. वेषांतरं, रंगवलेले चेहरे, उघडी अंगं, आणि केवढी मौज! १९८६ मध्ये त्याने ‘फिलो’ हे छोटं नियतकालिकही सुरू केलं. पोलिसांच्या फायलीत माणूस म्हणजे नाव, पत्ता, ओळखीपाळखी. स्लाइडमध्ये तोच माणूस स्वतःला हवा तसा उभा आहे. पुढे कारोल राजिशेव्स्की या कलावंताने त्या स्लाइड्स जगापुढे आणल्या, नाहीतर त्या घरातच राहिल्या असत्या.

२००३ मध्ये कारोलिना ब्रेगुवा या छायाचित्रकर्तीने अगदी उलट वाट धरली. ‘त्यांनी आम्हाला पाहावं’ या तिच्या मालिकेत ३० जोडपी आहेत, निम्मी पुरुषांची, निम्मी स्त्रियांची. हिवाळी कपड्यांत, रस्त्यावर, हातात हात घालून सरळ कॅमेऱ्याकडे बघणारी. बस्स, इतकंच. आपल्या बाजारातून दोन मित्र हात धरून गेले तर कुणी वळूनही बघत नाही, तिथे मात्र याच फोटोंची होर्डिंग्ज लोकांनी विद्रूप केली, काही गॅलऱ्यांनी दारं बंद केली. फाळण्या, उठाव, युद्धं यांतून घडलेला सैनिक आणि घरातला कॅथलिक बाप, ही तिथली मर्दाची प्रतिमा. त्या प्रतिमेला नाटकी वेषातल्या पुरुषापेक्षा साधं जाकीट घातलेला, शेजारी शोभेल असा पुरुष जास्त झोंबला, असं मला वाटतं.

खरं सांगू? मला किशेलच्या स्लाइड्स जास्त आवडतात. ब्रेगुवाचे फोटो जरा जास्तच सोज्वळ आहेत. जणू नीटनेटकं दिसलं तरच माणूस म्हणून मान मिळणार. पण आपला चेहरा शहराच्या भिंतीवर लागणार, आईवडील, साहेब, शेजारी सगळे बघणार, हे ठाऊक असून ती माणसं उभी राहिली. त्यापुढे माझी आवडनिवड लहान आहे.

आणि हे तिथेच संपलं नाही. २०१९ पासून कित्येक स्थानिक संस्थांनी ‘एलजीबीटी विचारसरणी’विरुद्ध ठराव केले. तेव्हा बार्ट स्ताशेव्स्की या कार्यकर्त्याने ‘एलजीबीटीमुक्त क्षेत्र’ अशी पाटी करून त्या त्या गावच्या वेशीवर लावली आणि तिथेच राहणाऱ्या एलजीबीटी माणसांचे तिच्याजवळ फोटो काढले.

म्हणून सांगतो, चेहऱ्याचा निर्णय तू एकट्याने घेऊ नकोस. फोटो कुठे लागणार, कोण बघणार हे प्रत्येकाला आधी सांग, विचार करायला वेळ दे. कुणी पाठमोरा उभा राहिला तर तसाच काढ. कुणाला नऊवारी नेसून यायचं असेल तर येऊ दे. नंतर कुणाचं मन बदललं तर तो फोटो काढून टाकायचा, हेही आधीच कबूल कर.

पहिल्या प्रिंट्स झाल्या की मला पाठव.

तुझा,
मकरंद