धालोचा चित्रपट मांडावर कधी येणार?

संपादक महोदय,

इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव संपून पणजीतले फलक उतरले की महिन्याभरात पौष लागतो. दक्षिण गोव्यातल्या केपे, सांगे, काणकोण भागातल्या वाड्यांवर मांड, म्हणजे नाच-गाण्यासाठी राखलेली अंगणे, सारवले जातात आणि रात्रीची जेवणे आटोपून बायका धालोच्या नाच-गाण्याला जमतात. गोव्यात हा महोत्सव 2004 पासून भरतो. धालो जपणाऱ्या गावडा, कुणबी, वेळीप या समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला तो 2003 साली. दोन्हींना वीस वर्षे उलटून गेली. एवढ्या काळात धालो, जागर हे लोकनाट्य, शिगमो हा होळीचा उत्सव पुष्कळदा कॅमेऱ्यात गेले, पण ज्या मांडावर टिपले तिथे परत आलेले आमच्या पाहण्यात फारच थोडे. यंदा एखादी संस्था, महाविद्यालय किंवा पंचायत हे काम हाती घेणार असेल, तर चित्रपट परत आणण्याची तजवीज तिने चित्रीकरणाआधीच करावी, एवढ्यासाठी हे पत्र.

सुरुवात संमतीपासून. सहसा होते असे की इंग्रजीत छापलेला अर्ज शेवटच्या रात्री घाईघाईने पुढे केला जातो आणि त्यावर सह्या-अंगठे घेतले जातात. त्या अंगठ्याचे वजन किती, हे कुणी सांगत नाही. कॉपीराइट कायद्यात 2012 साली जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार, कलाकाराने आपली कला चित्रपटात घेण्यास एकदा लेखी संमती दिली की, करारात वेगळे काही लिहिलेले नसल्यास, निर्मात्याने ती त्या चित्रपटात वापरण्यास त्याला हरकत घेता येत नाही. व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टी मागण्याचा हक्क मात्र उरतो. तेव्हा जे काही वेगळे हवे ते करारातच यायला हवे. कोणता भाग टिपायचा नाही, कोणता टिपला तरी वाड्याबाहेर दाखवायचा नाही, प्रती कुणाकडे राहणार, पैसे आले तर कुणाला किती, हे सगळे कोंकणीत लिहून मांडावर मोठ्याने वाचून दाखवावे आणि मगच सही मागावी. हे मार्गशीर्षातच उरकावे. पौषात कुणाला सवड नसते. धालोचा मांड बायकांचा, पुरुषांना तिथे बऱ्याच ठिकाणी मज्जाव असतो, म्हणून कॅमेरा आणि ध्वनी या दोन्ही जागांवर बायका हव्यात. शेवटच्या रात्री अंगात येते तो भाग टिपू नका असे सांगितले गेले, तर कॅमेरा बंद करून पिशवीत घालावा. नुसते झाकण लावून हातात धरला तर कुणाचा विश्वास बसत नाही.

खरी गफलत होते ती आवाजात. चित्र थोडे अंधारे आले तरी चालते, पण शब्द कळले नाहीत तर पुढच्या पिढीला त्या चित्रणाचा उपयोग नाही. धालोत बायका समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात. एक रांग ओळ म्हणते, दुसरी उचलते. कॅमेऱ्यावरचा माइक जवळच्या रांगेचे तेवढे घेतो आणि समोरून येते ती नुसती गुणगुण. त्यात बायका पुढे येऊन वाकतात तेव्हा तोंड जमिनीकडे जाते आणि ओळीचे शेवटचे दोन शब्द मातीत जातात. नेमके तेच शब्द दर कडव्याला बदलत असतात. म्हणून दोन्ही रांगांना वेगळा रेकॉर्डर द्यावा, एक माइक डोक्याच्या वर आणि एक कमरेच्या उंचीवर लावावा. स्टँड मांडाच्या सारवलेल्या जागेबाहेरच ठेवावेत. ध्वनीची पातळी आपोआप ठरवणारी सोय बंद ठेवावी, नाहीतर बायका श्वास घ्यायला थांबल्या की रातकिडे गर्जू लागतात. सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या मापकावर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असा बेत ठेवावा. जनरेटर आणलाच तर तो वाड्याच्या पलीकडे ठेवावा, पण बॅटरीवर काम भागते. हॅलोजन तर नकोच. त्याच्या उजेडात सगळे अंगण लग्नाच्या मांडवासारखे दिसते आणि तासाभरात किडे माइकवर आपटू लागतात. पांढऱ्या कापडाआडून सोडलेले दोन एलईडी दिवे पुरतात. मध्यरात्रीनंतर दव पडते आणि काच धूसर होते. एसी गाडीतून कॅमेरा काढून लगेच सुरू केला तरी तेच होते, म्हणून पिशवीतच वीसएक मिनिटे तो बाहेरच्या हवेला येऊ द्यावा.

जागराचे प्रश्न वेगळे. तिथे घुमट हे मडक्याचे वाद्य येते. घुमटाच्या मडक्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा, आणि घोरपड त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. एखाद्या घरात जुने घुमट असेल आणि तुम्ही त्याचा जवळून फोटो घेऊन खाली घरधन्याचे नाव टाकले, तर त्याला आयतेच अडचणीत आणता. आता बकऱ्याचे कातडे वापरतात. ते दमट हवेत सैल पडून नाद बसतो, म्हणून वाजवण्याआधी ऊन किंवा शेक देतात. तेवढी दहा मिनिटे थांबायची तयारी हवी आणि खरे तर तेही टिपायला हवे.

साठवणीचा हिशेब आधी करावा. पाच रात्री, रोज चार तास, दोन कॅमेरे म्हणजे चाळीस तास. फोर-केमध्ये तासाला साधारण 45 जीबी धरले तर 1,800 जीबी होतात. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात. कपाटात नुसती पडून राहिलेली डिस्क गोव्याच्या हवेत दगा देते, वर्षातून दोनदा तरी ती चालवून बघावी.

त्यानंतरचे काम वेळखाऊ असते आणि अनुदानाच्या अर्जात ते कधी दिसत नाही: गाणी उतरवून घेणे. एका तासाच्या गाण्याला किमान सहा-आठ तास लागतात, तेही गाणाऱ्या बायका शेजारी बसल्या असतील तर. त्यांच्या बोलीतला शब्द पुस्तकी कोंकणीत किंवा मराठीत ‘सुधारून’ लिहिण्याचा मोह आवरावा. गावडा समाजात हिंदू आहेत तसे ख्रिस्तीही आहेत, म्हणून उपशीर्षके देवनागरीत आणि रोमी (रोमन) लिपीत अशी दोन स्वतंत्र संचिकांत करावीत. एका वेळी दोनच ओळी, आणि ध्रुवपद पुन्हा आले की पुन्हा लिहू नये.

मग मांडावरचा खेळ. दिवाळीनंतर भातकापणी आटोपली की शिगम्यापर्यंतचा काळ त्यातल्या त्यात बरा. पुढे माणसे काजूला डोंगरावर जातात आणि जूनपासून पाऊस. नोव्हेंबरचा उत्तरार्ध टाळावा, कारण प्रोजेक्टर आणि तो चालवणारा, दोघेही पणजीत अडकलेले असतात. दहा फुटी पांढऱ्या कापडावर दाखवायला 3,000 ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो, पण अंगणातला खांबावरचा दिवा बंद करायला वीज खात्याच्या माणसाला आधी सांगून ठेवावे. हे हमखास विसरले जाते. यूपीएस सोबत असू द्यावा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, म्हणून साडेसातला सुरू करावे. पहिल्या खेळाला चित्रपट अंतिम नसावा. म्हाताऱ्या बायका चुका दाखवतात, कुणाचे नाव राहिले ते सांगतात, कुठली ओळ कुठल्या रात्रीची ते सांगतात. दोन वह्या घेऊन दोघीजणी लिहायला बसवाव्यात, कारण सगळ्या एकदम बोलतात.

शाळेसाठी पूर्ण चित्रपट निरुपयोगी आहे. तास चाळीस मिनिटांचा, त्यात सात-आठ मिनिटांचा एकच तुकडा दाखवावा. मुलांनी घरी जाऊन आजीला तेच गाणे विचारावे आणि फरक लिहून आणावेत. फरक निघतोच. दुसऱ्या दिवशी वाड्यावरच्या एका बाईला वर्गात बोलवावे आणि पाहुण्या शिक्षकाला देतात तेवढे मानधन द्यावे. स्नेहसंमेलनात तांबड्या चौकटीचे कापड पिनांनी टाचून चार मिनिटांचे ‘कुणबी नृत्य’ बसवले जाते, त्यापेक्षा खांद्यावरची गाठ कशी मारतात हे शिकवायला एक तास दिला तर मुलींना काही तरी हाती लागेल. रिवणजवळ कुशावतीकाठच्या पणसायमळला सहल नेणाऱ्यांनाही एक विनंती. जांभ्या दगडावरची कोरीव चित्रे फोटोत उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू फिरवू नये. सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर गेले की तिरप्या उजेडात रेघा आपोआप उठतात. भर दुपारी तिथे काहीच दिसत नाही.

कला आणि संस्कृती संचालनालयाला आणि आदिवासी कल्याण खात्याला एकच सुचवावेसे वाटते. अशा माहितीपटाला अनुदान देताना शेवटचा हप्ता राखून ठेवावा. मांडावर खेळ झाला, दुरुस्त्या केल्या, एक प्रत पंचायतीच्या वाचनालयात आणि एक शाळेत पोचली, असे मांडकरणीने, म्हणजे मांड सांभाळणाऱ्या बाईने, सहीनिशी लिहून दिल्यावरच तो सोडावा.

आपले,
काही वाचक, केपे