शिबिरात नाक कोणी तपासत नाही

संपादक महोदय,

पावसाळ्यापूर्वी फोंडा तालुक्यातील आमच्या गावात ज्येष्ठ नागरिकांसाठी आरोग्य तपासणी शिबिर झाले. रक्तदाब, साखर, डोळे, कान असे सगळे पाहिले गेले आणि माझ्या ८२ वर्षांच्या आईला चष्म्याचा नवा नंबरही मिळाला. "वास येतो का?" एवढे मात्र तिला कोणी विचारले नाही. तो प्रश्न का विचारायला हवा, हे आम्हाला त्याआधी दोन महिने घरातच कळून चुकले होते.

जेवणाला चव नाही, ही आईची वर्षभराची तक्रार होती. बांगड्यांच्या हुमणात, म्हणजे आमटीत, तेफळे (जीभ चुरचुरवणारा सुवासिक मसाला) घातलीच नाहीत म्हणून ती माझ्या पत्नीवर रुसायची आणि गंमत म्हणजे त्याच घासाला जीभ चुरचुरते असेही म्हणायची. आम्ही ते म्हातारपणाच्या हट्टावर ढकलले. मग एका सकाळी मी बाजारातून परतलो, तर दारातच गॅसचा भपकारा आला. उतू गेलेल्या डाळीने शेगडी विझली होती, बटण चालूच होते आणि आई तिथेच खाली आदोळीवर बसून नारळ खोवत होती. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणजे तो तिच्या नाकाशीच होता. खिडक्या उघडत मी ओरडलो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "कसलो वास?"

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य अगदी थोडे मिसळलेले असते. अमेरिकेत टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत १९३७ साली वासहीन नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन ३०० च्या आसपास माणसे, त्यांत बहुतेक मुले, दगावली आणि त्यानंतर तिकडे वायूला वास देणे सक्तीचे झाले. मात्र या सगळ्या तजविजीत घरातल्याचे नाक शाबूत आहे, असे गृहीत धरलेले असते.

वास ओळखणारी त्वचा नाकपुडीत नसते, ती नाकाच्या पोकळीच्या अगदी छताशी, दोन्ही बाजूंना टपाल तिकिटाएवढ्या जागेत असते. हवेतून आलेले रेणू तिथल्या चिकट द्रावात विरघळतात आणि लाखो पेशींच्या केसांसारख्या तंतूंवरील ग्राहकांना, म्हणजे वासाचे रेणू पकडणाऱ्या प्रथिनांना, चिकटतात. माणसात या ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. एका पेशीवर एकच प्रकार असतो, पण एक रेणू अनेक प्रकारांना कमीअधिक जागे करतो, म्हणून पेटीच्या मोजक्या पट्ट्यांतून असंख्य चाली निघाव्यात तसे ४०० ग्राहकांतून असंख्य वास ओळखता येतात. या ग्राहकांची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली शोधली, त्याबद्दल त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. पेशींचे धागे चाळणीसारख्या पातळ हाडातून थेट मेंदूकडे जातात. या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात, पण वय वाढते तशी ही डागडुजी मंदावते.

आईच्या कोड्याचे उत्तर इथेच आहे. घास चावताना त्याचा वास घशामागून वर नाकात चढतो आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग तोच असतो. जीभ फक्त सोलांचा आंबटपणा, खारटपणा, गोडी अशा मोजक्या गोष्टी सांगते, तर तेफळाची चुरचुर आणि मिरचीची आग चेहऱ्याची वेगळीच नस पोहोचवते. म्हणून तेफळ चुरचुरले, पण त्याचा गंध आला नाही. याच कारणाने बाम किंवा कापूर हुंगवून नाकाची परीक्षा घेऊ नये, कारण त्यांचा झोंबणारा गारवा वास न येणाऱ्यालाही जाणवतो.

धडधाकट नाकही फार काळ इमानदार राहत नाही, हे मासळी बाजारात दहा मिनिटे घालवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. त्यामुळे गॅसच्या बाबतीत पहिला भपकाराच खरा मानावा. मागाहून वास कमी वाटला म्हणजे गळती थांबली असे नव्हे.

शिबिरे भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की, लवंग, कॉफी, वेलची आणि लिंबाची साल अशा चार झाकणाच्या बाटल्या टेबलावर ठेवाव्यात आणि डोळे मिटायला सांगून प्रत्येकाला हुंगायला द्याव्यात. माणशी दोन मिनिटेही लागणार नाहीत. ज्यांना ओळखता येणार नाही त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे, कारण नाकातील साध्या गाठीपासून कंपवाताच्या सुरुवातीपर्यंत अनेक गोष्टी त्यामागे असू शकतात.

आमच्या स्वयंपाकघरात आता भिंतीवर जमिनीलगत गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवले आहे. हुमणात तेफळे नसल्याचा आरोप मात्र आईने अजून मागे घेतलेला नाही.

आपला,
एक वाचक, फोंडा