अंकी चार नऊ

सांगली, ३० ऑक्टोबर

पक्या लेका,

आधी शिव्या घालून मोकळा हो, मग वाच. गणपतीत तुझे तीन मिस्ड कॉल येऊन पडले होते, नंतर करतो नंतर करतो म्हणत दिवाळी गेली, आणि एवढे दिवस झाल्यावर आता कुठल्या तोंडानं फोन करायचा म्हणून आणखी आठवडा गेला. शिवाय जे सांगायचंय ते फोनवर मला जमणार नाही, तू मधे मधे बोलतोस. म्हणून पत्र. मोबाईलवर अंगठ्यानं टाईप करतोय, चुका काढत बसू नकोस.

तब्येत बरी. शुगर आहे, गोळी चालू आहे. आईला ऐकू येत नाही, त्यामुळं सासू-सुनेचं सध्या फार छान चाललंय.

तर आण्णा थांबले. गेल्या शनिवारी आपल्या चॅनेलवरचं शेवटचं बुलेटिन वाचलं. एकतीस वर्षं झाली मर्दा. तुला ग्रुपवर कळलंच असेल, पण तिथं सगळ्यांनी हात जोडलेले टाकले आणि लगेच खाली कुणीतरी विश्रामबागला फ्लॅट भाड्यानं देणे आहे टाकलं, ते काय कळणं म्हणायचं काय. मी तिथं होतो. कवळी नवीन आहे, स आणि च ला शिट्टी वाजते, म्हणून ‘सांगली’ म्हणायच्या आधी जरा थांबायचे, लोकांना वाटायचं गहिवरले. गहिवरले बिवरले काही नाही. पावसाळा संपलेला, पाण्याचा आकडा नव्हता, हळदीचा दर मात्र नेहमीसारखा दोनदा वाचला. नमस्कार म्हणाले, लाईट बंद झाल्यावर मला म्हणाले, झालं काय रे? झालं म्हटलं. मग शर्टचा माईक स्वतःच काढला, वायर चार बोटांवर गुंडाळली, टोक आत खोचलं आणि ड्रॉवरमधे ठेवली. तू असताना वायर अशीच गुंडाळायला लावायचे बघ, तू कोपरावर गुंडाळायचास आणि दर वेळी बोलणी खायचास.

आता दोन पोरं मोबाईलवर बातम्या करणार आहेत. हातात बूम घेऊन पळत पळत बोलतात. वाईट नाहीत पोरं, पण एका वाक्यात तीनदा ‘या ठिकाणी’ म्हणतात. आण्णांनी ऐकून नुसतं खिडकीकडं बघितलं.

आपल्याला कसं शिकवायचे, मान हलता कामा नये, भिडे बघा. दूरदर्शनवर बातम्या वाचणारे प्रदीप भिडे म्हणजे त्यांचं दैवतच. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं हे आपल्याला स्वतःच्या जन्मतारखेसारखं पाठ झालं ते आण्णांमुळं, सांगलीला मुंबई दिसायला पुढं बरीच वर्षं गेली ते सोड. सुट्टीत दादरला मेव्हण्याकडं जाऊन टीव्हीसमोर वही घेऊन बसायचे म्हणे. २०२२ च्या जूनमधे भिडे गेले तेव्हा ती बातमी आण्णांनीच वाचली. मान हलली नाही. बुलेटिन संपल्यावर अर्धा तास खाली पानपट्टीवर एकटेच उभे होते, आणि पान तर ते खात नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. ९ तारखेला रविवारी भावे नाट्यमंदिरात सत्कार आहे. शाल, श्रीफळ, स्मरणिका, सगळा थाट. १८४३ चं सीतास्वयंवर आणि नाट्यपंढरी प्रत्येक वक्त्याच्या भाषणात येणारच, आपल्याकडं बारशालाही येतं. स्मरणिकेचं प्रूफ मला दाखवायला आणलं होतं. पहिल्या पानावर मोठ्या टायपात काय असेल? ‘अंकी चार नऊ’. आणि खाली लेख, की आण्णा बँकेत कॅशियर होते, रक्कम अंकी आणि अक्षरी लिहायची सवय, तीच त्यांनी बातम्यांत आणली, आणि ‘पाणीपातळी एकोणपन्नास फूट, अंकी चार नऊ’ हे सांगलीच्या घराघरात पोचलं. संयोजक मला म्हणतात, तुम्ही पहिल्यापासून त्यांच्याबरोबर आहात, हा बँकेचा किस्सा तुम्हीच रंगवून सांगा, दहा मिनिटं.

बँकेचा किस्सा! पक्या, ही सवय बँकेतली नाही हे जगात तीन माणसांना माहीत आहे. त्यातलं खरं तर एकालाच सगळं माहीत आहे असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

२००५ ची ती रात्र तुला आठवायला सांगायला नको. दुपारी चारला आयर्विन पुलाच्या पाणी मोजायच्या पट्टीवर ४६ फूट होतं, धोक्याची पातळी ४५, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोंब. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावलेल्या आपल्या स्टुडिओच्या त्या खुराड्यात आण्णा, मी, आणि इन्व्हर्टरवर ठेवलेली भडंगाची पुडी. तू टॉर्च घेऊन पुलाकडं. साडेबाराला तुझा फोन आला. मी चिठ्ठी लिहून आण्णांच्या हातात दिली, त्यांनी वाचलं, पाणीपातळी सेहेचाळीस फूट, दुपारपासून स्थिर. खालच्या गल्लीत लोकांनी ऐकून हुश्श केलं. पेठेतल्या त्या हळदवाल्यानं दारात लावलेला टेम्पो परत पाठवला. सकाळी त्याच्या तळघरात पोती पाण्यात, बाहेर सगळा रस्ता पिवळा. पुढं पाणी ५३ च्या वर गेलं, तेव्हा त्याचं तळघर तसंही वाचणार नव्हतं, पण पोती वाचली असती. रात्रभराचा वेळ होता त्याच्याकडं.

तो ओरडत वर आला तेव्हा तू नव्हतास, घरी झोपायला गेला होतास. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, चूक माझी, चष्मा नव्हता, नऊचा सहा वाचला. त्या दिवसापासून चष्मा दोरीला बांधून गळ्यात आणि प्रत्येक आकड्यामागं अंकी. लोकांना आवडलं. पोरं रिक्षात नक्कल करायला लागली. २०१९ ला अर्धी सांगली पाण्यात आणि अंधारात, टीव्ही कोण बघतंय, तेव्हा ते गच्चीवरून मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे, ‘सत्तावन्न फूट, अंकी पाच सात’, ती क्लिप म्हैसाळपासून पुण्यापर्यंत फिरली, तूच मला फॉरवर्ड केलीस, डोळ्यात पाणी आलं म्हणून. मी उत्तर दिलं नव्हतं. का दिलं नव्हतं ते आता कळेल.

आपलं भांडण काय होतं? तू म्हणायचास मी एकोणपन्नास सांगितलं, मी म्हणायचो तू सेहेचाळीस सांगितलंस, पाऊस होता, लाईन खरखरत होती. दर गणपतीला दोन पेग झाले की हेच. तुझ्या लग्नात आहेराचा आकडा वाचताना मी माईकवर म्हणालो, नीट मोजा, नवरदेव सेहेचाळीस सांगतोय. सगळे हसले. तू वर्षभर बोलला नाहीस. बरोबरच केलंस.

तू एकोणपन्नास म्हणाला होतास. स्वच्छ ऐकू आलं होतं. दोनदा म्हणालास, आणि वर म्हणालास की लवकर लाव, जामवाडीकडं लोक झोपलेत. माझ्यासमोर दुपारची ४६ ची चिठ्ठी पडली होती, डोळ्यावर झोप, हातानं तेच परत लिहिलं. मला सकाळीच कळलं होतं, कारण कचऱ्याच्या डब्यात दोन्ही चिठ्ठ्या एकावर एक पडल्या होत्या, दोन्हीवर ४६, दोन्ही माझ्या अक्षरात. हळदवाला गेल्यावर मी आण्णांना काय म्हणालो माहितीय? फोनवरच तसं सांगितलं हो त्यानं. आण्णा हं म्हणाले. बास. दिवाळीत तू पुण्याला गेलास ते पगारासाठी गेलास हे मला माहीत आहे, तरी मला कायम वाटत आलंय की आण्णा तुला थोडं तुटक वागायला लागले आणि म्हणून तू गेलास. तसं असेल तर सांग. नसेल तरी नसेल म्हणून सांग.

माझ्यासाठी किती सोपं होतं ते बघ. आण्णांनी चूक स्वतःवर घेतली, मला आत वाटायचं ते पक्यासाठी घेतली, म्हणजे माझ्यावर काही उपकार नाहीत. वीस वर्षं असल्या हिशोबात काढली. तुझी गंमत म्हणजे तू पण मनात शंका धरून बसला असशील, की खरंच आपल्या तोंडून सेहेचाळीस गेलं की काय. ही शंका तुझ्या डोक्यात मीच घातली आणि दरवर्षी पाणी घालत राहिलो.

असो. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं काय? पोरीची ऍडमिशन कुठं झाली, कॉम्प्युटरच घेतलं का? तुमच्या हिंजवडीच्या मेट्रोचं काय ते एकदा होऊ दे म्हणजे तू वेळेवर घरी पोचशील.

मंगळवारी आण्णांच्याकडं गेलो होतो, सगळं सांगायचं ठरवून. काकूंनी चकल्या दिल्या, आण्णांना कवळीमुळं खाता येत नाहीत म्हणून ते मला खाताना बघत बसले. मग मगरमच्छ कॉलनीत पोलीस मगर पकडायला गेले होते ती त्यांची जुनी बातमी सांगितली, आपण शंभर वेळा ऐकलेली. अलमट्टी धरणावर बोलून झालं. मला काही तोंड उघडायला जागा सापडेना. शेवटी निघताना म्हणाले, सत्काराला भाचा येणारय मिरजेहून, तारीख-वेळ कागदावर लिहून ठेव. मी लिहिलं आणि दिलं. त्यांनी चष्मा डोळ्यावर घेतला, कागद लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले,

‘नऊ तारीख ना? का सहा?’

नऊ, म्हटलं.

‘तुझा नऊ अजून तसाच येतो रे.’

एवढंच. कागद घडी करून खिशात टाकला आणि काकूंना म्हणाले, ह्याला पिशवीत चकल्या बांधून दे. मी पायऱ्या उतरून गाडीला किक मारली, ती सुरू होईना, ते वर गॅलरीत उभे. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं पक्या. सकाळी खोली झाडायचे ते, डबाही तेच रिकामा करायचे, माझ्या डोक्यातच आलं नाही कधी.

आता रविवारी मी काय बोलू? खरं सांगितलं तर आण्णांनी वीस वर्षं झाकलेलं मी त्यांच्याच सत्कारात उघडं करणार, ते त्यांना चालेल का? बँकेचं सांगितलं तर टाळ्या पडतील, आणि पहिल्या रांगेत आण्णा मान न हलवता बसलेले असतील. तो हळदवाला पण येणारय, स्मरणिकेत त्याची पान भरून जाहिरात आहे. ही म्हणते तू फार विचार करतोस, दोन शब्द बोल आणि बस. तिला तू कुठं होतास त्या रात्री हे माहीतच नाही.

तू शनिवारीच ये. झोपायला आमच्याकडं, वरची खोली रिकामी आहे. तू समोर बसलेला असलास तर मी खरं सांगीन असं वाटतंय. नाही आलास तर बँकेचंच सांगीन, मला माहीत आहे मी कसा आहे. यायच्या आधी शिव्यांसाठी फोन कर, उचलतो या वेळी. जेवणं झाल्यावर कर.

तुझा,
सुऱ्या

ता. क. वायर मी अजून कोपरावरच गुंडाळतो, तुझंच बघून शिकलेलो. आण्णांनी मला कधी बोललं नाही.