ग्लॅमर म्हणजे नजरबंदी हो!

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सिनेमावरच्या लेखात म्हटलंय की ग्लॅमर हा शब्द हॉलिवूडने जगाला दिला. लेख मस्त होता, पण हे काही बरोबर नाही. शब्द स्कॉटलंडचा आहे, आणि मी एवढ्या ठामपणे सांगतोय कारण ह्याच शब्दापायी मी एकदा चांगला गोत्यात आलोय.

माझं फ्लेक्सचं दुकान. तीनेक वर्षांपूर्वी एका ताईंच्या पार्लरचा दहा बाय तीनचा बोर्ड केला, नाव ग्लॅमर, वर मराठीत खाली इंग्रजीत. घाईत काय टाईप केलं देव जाणे, प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, ताईंनी अंगठा दाखवला, मी पण परत बघितलं नाही, आणि बोर्ड वर चढल्यावर समोरच्या क्लासची पोरं खालून ओरडायला लागली की काकू, इथे व्याकरण शिकवतात का! इंग्रजीत छापलं होतं ग्रामर ब्युटी पार्लर. पदरचे पैसे घालून दुसरा करून दिला. रात्री चिडून डिक्शनरी उघडली तर काय, ग्लॅमर हा ग्रामरचाच बिघडलेला अवतार निघाला.

झालं असं की मूळ ग्रीक ग्रामा म्हणजे अक्षर, त्यावरून ग्रामर. जुन्या काळी युरोपात ग्रामर म्हणजे नुसतं व्याकरण नव्हतं, लॅटिनमधली सगळी विद्याच त्यात धरायचे, आणि साध्या माणसाला वाचताच येत नव्हतं त्यामुळे पुस्तकात बघून पुटपुटणारा माणूस दिसला की ह्याला नक्की चेटूक येतं असं लोक समजायचे. फ्रेंचांकडे ह्याच शब्दावरून मंत्रतंत्राच्या पोथीला ग्रिमवार म्हणायला लागले. स्कॉटलंडात जिभेवर र चा ल झाला आणि ग्लॅमर तयार झालं. ह्यात नवल काही नाही, आपल्याकडे हरिद्रामधल्या दोन र पैकी एक गळाला, एकाचा ळ झाला आणि हळद झाली की!

आता ग्लॅमरचा तिथला अर्थ बघा. अ‍ॅलन रॅमझी नावाच्या एडिंबराच्या कवीने १७२० च्या सुमारास आपल्या कवितांना शब्दार्थ जोडले, त्यात लिहिलंय की भुतं, चेटके किंवा जादूगार बघणाऱ्याच्या डोळ्यांना फसवतात तेव्हा त्यांनी डोळ्यांवर ग्लॅमर टाकलं असं म्हणतात. म्हणजे आपली नजरबंदीच ना ही, शब्दाला शब्द! तिकडचं एक जुनं लोकगीत आहे, जिप्सी वाड्याच्या दाराशी येऊन गोड गातात, बाईसाहेब खाली येतात, ते तिच्यावर ग्लॅमर टाकतात आणि ती नवऱ्याचं घरदार सोडून त्यांच्यामागे निघून जाते.

रॉबर्ट बर्न्सने तर १७८९ मध्ये कमालच केली. कॅप्टन ग्रोस म्हणून एक जाडजूड इंग्रज गृहस्थ जुने किल्ले-चर्च बघत स्कॉटलंडभर हिंडत होता, त्याच्यावरच्या विनोदी कवितेत बर्न्सने ग्लॅमरचा धंदा करणारे जिप्सी आणि नरकाचं काळं ग्रामर घोकलेले चेटके लागोपाठच्या ओळींत आणून दोघांचं यमकच जुळवलंय. माझ्या बोर्डावर जे चुकून झालं ते त्याने मुद्दाम केलं.

शब्द इंग्लंडभर गेला तो वॉल्टर स्कॉटमुळे. १८०५ च्या त्याच्या दीर्घकाव्यात जादूच्या पुस्तकातला एक मंत्र आहे, त्या ग्लॅमरने अंधारकोठडीतली जळमटं राजवाड्यातले भरजरी पडदे वाटतात, अक्रोडाचं टरफल सोन्याची नाव वाटते आणि म्हातारा तरुण दिसतो. (आमच्याकडे लग्नाच्या फ्लेक्सवर हेच काम फोटोशॉप करतं, वधूपित्याचेही केस काळे करून मागतात.) पुढे १९व्या शतकात अर्थ मोहिनीकडे सरकला आणि १९३० च्या दशकात हॉलिवूडने तो नट्यांना चिकटवला, एवढाच काय तो हॉलिवूडचा वाटा.

आणि हा शब्द ज्यातून आला त्या स्कॉट्सला, म्हणजे स्कॉटलंडातल्या लोकांच्या बोलण्याला, बोली म्हणायचं की भाषा ह्यावर तिकडेही आपल्या कोकणी-मराठीसारखीच भांडणं आहेत, मी त्यात पडत नाही, पण २०११ च्या जनगणनेत १५ लाखांवर लोकांनी आम्हाला स्कॉट्स बोलता येतं असं लिहून दिलंय.

शेवटचं म्हणजे गारूड. सापाचं विष उतरवायचा गरुडाचा मंत्र तो गारूड, त्यावरून गारुडी, मग गारुड्याचे खेळ, आणि आता तुमच्याच पेपरात आवाजाचं गारूड वगैरे छापून येतं. म्हणजे मंत्रापासून मोहिनीपर्यंत दोन्ही शब्द एकाच वाटेने आले, आणि मथळ्यात ग्लॅमरऐवजी गारूड बसवलं तर जागाही कमी लागेल, हे धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

आपला,
एक फ्लेक्सवाला वाचक, बार्शी

ता.क. तो चुकलेला बोर्ड टाकला नाही, पावसाळ्यात जनरेटरवर घालतो. ग्रामर वरच्या बाजूला ठेवून.