लोह भरपूर, तरी ऊस केवड्याने पिवळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या गावात एका खासगी कंपनीने 'मिनिटात माती परीक्षण' करून दाखवले. यंत्र हातात धरायचे, पिस्तुलासारखे, क्ष-किरणांवर चालणारे. प्रतिनिधीने ते खोडव्याच्या (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाच्या) सरीतल्या ओल्या ढेकळावर टेकवले. पडद्यावर लोह ७.५ टक्के. लगेच सल्ला: "काका, रानात लोह भरपूर आहे, फेरस सल्फेटवर पैसे घालवू नका." त्याच सरीतला ऊस केवड्याने, म्हणजे लोह न मिळाल्याने, पिवळाफटक होता, शिरा तेवढ्या हिरव्या.

माझी उभी हयात माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत गेली, म्हणून लिहितो. यंत्राचा आकडा खोटा नसावा. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात लोह टक्क्यांनीच असते. पण हे यंत्र खनिजात जखडलेले लोहही मोजते. चुनखडीच्या, ८ च्या वर सामू (पीएच) असलेल्या रानात त्यातले पिकाला मिळते अगदी नगण्य. प्रयोगशाळेत डीटीपीए द्रावणाने हे उपलब्ध लोह काढतात. ते किलोला ४.५ मिलिग्रॅमच्या खाली गेले की कमतरता धरतात. ७.५ टक्के म्हणजे किलोला ७५,००० मिलिग्रॅम! या आकड्यावरून खत ठरवायचे तरी कसे?

शिवाय ओलाव्याने आकडा कमी भरतो. माती सावलीत वाळवून, कुटून, चाळूनच यंत्राखाली धरायला हवी. नत्र, सेंद्रिय कर्ब, बोरॉन त्याला दिसत नाहीत. सामू आणि क्षारता तर त्याचे कामच नव्हे. शिरोळच्या क्षारपड रानात क्षारताच मोजली नाही, तर तपासले काय?

यंत्र टाकाऊ आहे असे मात्र मी म्हणणार नाही. तासगावकडच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातले तांबे वर्षानुवर्षे मातीत साचते. ते कुठे किती साचले, हे बागेत फिरून पाहायला याच्याइतके सोयीचे साधन नाही. सांडपाण्यालगतच्या जमिनीत शिसे, क्रोमियम पाहायलाही ते चालेल.

कृषी विभागाने अशा यंत्राच्या आकड्यांच्या चिठ्ठीवर 'एकूण प्रमाण, उपलब्ध नव्हे' असे ठळक छापणे सक्तीचे करावे आणि तिच्यावरून खतांची शिफारस करायला मनाई करावी. क्ष-किरणांची उपकरणे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांत येतात; ते नियम गावोगावच्या प्रात्यक्षिकांत पाळले जातात का, हेही तपासावे. आमच्याकडे यंत्र चालू असताना शाळकरी पोरे त्याच्या तोंडाशी वाकून बघत होती आणि त्यांना कोणीही हटकले नाही.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर