१०९८ वरच्या ताईंना

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नवरा रात्रपाळीला, दोन महिन्यांची धाकटी संध्याकाळपासून रडतेय, त्यात चार वर्षांच्या थोरल्याने दुधाचं पातेलं सांडलं. मी त्याला मारलं. पाठीवर वळ उठले. पुन्हा हात उगारला तेव्हा तो कपाटाच्या कोपऱ्यात सरकला, आणि मला माझीच भीती वाटली.

अंगणवाडीच्या भिंतीवरचा चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ आठवला. हा नंबर मुलांसाठी, आता पोलीस येणार, असं वाटत असतानाच लावला. ताई, तुम्ही रागावला नाहीत. "बाळाला पाळण्यात ठेवा, उंबऱ्यात बसा, पाणी प्या. मी आहे फोनवर." मी रडत होते, तुम्ही मधूनमधून नुसतं "हं" म्हणत होतात.

दोन दिवसांनी अंगणवाडीच्या ताई आल्या. आधी थोरल्याची पाठ पाहिली, मग काही न बोलता मोरीतली भांडी घासायला बसल्या. (हे काम कुठल्या सरकारी रजिस्टरात बसत नसणार!) अजूनही दुपारी त्या थोरल्याला जरा जास्त वेळ ठेवून घेतात, तेवढ्यात मी झोपते.

परवा तो पुन्हा त्याच कोपऱ्यात लपला होता. लपंडाव चालला होता.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, ताई. म्हणून हे इथे लिहिलं.